पडद्यावरच्या मुंग्या

2003 च्या पावसाळ्यात आमच्या टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या. आधी दोन-चार चॅनेलवर, मग सगळ्यांवर. दिवाळीपर्यंत प्रत्येक चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आणखी एक फिकट चेहरा चिकटला. बातम्या देणारी बाई एक, पण दिसायच्या दोन.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या उमापुरात तेव्हा करमणूक म्हणजे केबल, तीही लोडशेडिंगमधून उरेल तेवढी. आम्हा तिघा भावांना क्रिकेट आणि सिनेमा हवा असायचा. अम्मीला त्यातलं काहीच नको होतं. तिला वर्षातून एकच दिवस टीव्ही लागायचा, अरफाचा. हजला जाण्याइतका पैसा कापसातून कधी उरला नाही. म्हणून 9 जिलहजला सकाळी काब्याचा गिलाफ बदलताना आणि दुपारी अरफातचा खुतबा ती केबलवर पाहायची. 2022 पासून गिलाफ 1 मोहरमला बदलतात. तेव्हा तो अरफाच्याच दिवशी बदलत.

चित्र बिघडलं म्हणून आम्ही केबलवाल्याच्या पोऱ्याला धरलं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. भर चौकात, चार माणसांत त्याला बोललो. "पैसे घ्यायला बरोबर येतोस, काम करायला येत नाहीस." तो निमूट खांबावर चढला. जोड उघडला, तारेचं टोक नव्यानं सोललं, घट्ट केलं. खाली येऊन म्हणाला, "लाइन बराबर आहे भाऊ. घरात येऊन बघतो."

आम्ही म्हणालो, "घरात बायामाणसं पडद्यात असतात. आत येता येणार नाही."

तो मान खाली घालून गेला.

वास्तविक आमच्या घरी लाइटचं मीटर बघणारा थेट ओसरीत यायचा. दूधवाला यायचा. पडदा कुणाला आठवला नव्हता. पण मे महिन्यात थोरल्याचं लग्न झालं, भाभीच्या खोलीत दुसरा टीव्ही आला, आणि आम्ही गेवराईहून चार तोंडांचा स्वस्तातला स्प्लिटर आणून पत्र्याखाली बसवला. त्याची दोन तोंडं वापरात, दोन उघडी. केबलचे पैसे एकाच टीव्हीचे भरत होतो. वर पऱ्हाट्या रचल्या होत्या. पोऱ्याला तेवढं दिसू द्यायचं नव्हतं.

मग रजईत गुंडाळून टीव्ही एसटीनं गेवराईला नेला. मेकॅनिकनं लावून दाखवला, चित्र आरशासारखं. म्हणजे टीव्ही चांगला, खांबही चांगला. बिघाड उरला मधल्या पन्नास फुटांत, आमच्याच छपराखाली. तरी आम्ही दोन महिने केबलवाल्यालाच शिव्या दिल्या.

2004 साली अरफा 31 जानेवारीला होता. आदल्या रात्री अम्मी टीव्हीसमोर बसली. हरमचं चित्र होतं. गिलाफ करडा दिसत होता आणि काबे दोन. ती डोळे पुसून पुन्हा बघायची. दोष डोळ्यांचा असावा असं तिला वाटलं. आमच्यातला धाकटा उठला. त्यानं पऱ्हाट्या सारल्या, स्प्लिटर काढला आणि खांबावरून आलेली तार सरळ टीव्हीला जोडली. मुंग्या गेल्या. काबा एक झाला. गिलाफ काळा दिसला.

अम्मीची नजर मात्र धाकट्याच्या हातातल्या डबीवर होती. "ये क्या है?"

सांगावं लागलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चोरी की तार में से काबा दिखा रहे थे मेरे कू? और पर्दे का नाम लेके?" उठून तिनं स्वतः टीव्ही बंद केला. पैसे चुकते होईपर्यंत लावायचा नाही.

सकाळी गिलाफ बदलला तेव्हा आमचा टीव्ही बंद होता. पोऱ्या दुसऱ्या गावाला गेलेला, दुपारी आला. अम्मीनं त्याला स्वतः आत बोलावलं, चहा दिला. त्यानं स्प्लिटर उलटापालटा करून पाहिला. चार तोंडं म्हणजे आलेल्या सिग्नलचा चौथा हिस्साही प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण येत नाही, म्हणून मुंग्या. उघड्या तोंडांवरून सिग्नल आपटून परत फिरतो आणि उशिरा पोचतो, म्हणून दुसरा चेहरा. त्यात पावसाचं पाणी शिरून तारेवरच्या जाळीची राख झालेली. त्यानं टोक कापून नवं केलं. आम्ही दुसऱ्या टीव्हीचे आठ महिन्यांचे पैसे मोजून दिले, चुकलं म्हणालो. खुतबा अम्मीला दिसला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "चौक में बोले थे ना उसकू? फिर माफी भी चौक में जाके मांगो. बंदे का हक अल्लाह भी माफ नहीं करता, बंदेच को करना पडता."

आम्ही हो म्हणालो. आज जाऊ, उद्या जाऊ. पुढं तो पोरगा कामाला पुण्याला गेला.

अम्मी 2011 साली गेली, हज राहूनच. खेड्यांतल्या केबलला सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली, त्याची मुदत 31 मार्च 2017 होती. आता मुंग्या येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ असतं, नाहीतर चौकोन होऊन थांबतं. हरम तर मोबाइलवर चोवीस तास दिसतो. बघताना आम्हा तिघांपैकी कुणीतरी त्या पोऱ्याची आठवण काढतो, आणि बाकीचे दोघं गप्प बसतात.