फाटकापाशी तुटणारा कॉल

आमच्या दाभोळात व्हिडिओ कॉल भर खाडीत तुटत नाही, घराच्या फाटकाशी तुटतो. पुण्याच्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. फेरीबोट वाशिष्ठीच्या मध्यावर गेली की रेंज जाणार, असा त्यांचा हिशेब. उघड्या पाण्यावर आडवं काहीच नसतं, दोन्ही काठांचे टॉवर फोनला सापडतात, त्यामुळे काड्या तिथेच भरतात.

पलीकडे धोपाव्याला कामाला निघालो की लेकीशी बोलत बोलत जेट्टीकडे उतरायची माझी सवय. राउटर ओटीवर, भिंती जाड जांभ्याच्या. अंगणात आलो की तिचा चेहरा चौकोन चौकोन होतो, फाटकाशी "बाबा, ऐकू..." एवढंच येतं, आणि पुढे उतारावर सगळं गप्प. फोनवर वायफायची एक काडी मात्र इमानेइतबारे उभी. बाहेर मोबाइलचं चांगलं नेट असताना हा शहाणा त्या एका काडीला धरून बसतो.

नोकरीभर टेलिफोनच्या तारा जोडल्या, तेव्हा हे का होतं ते शोधल्याशिवाय राहवेना. टॉवर बदलताना फोन आजूबाजूच्या टॉवरांचं बळ मोजून फक्त कळवतो. कुठल्या टॉवरकडे कधी जायचं ते कंपनीची यंत्रणा ठरवते, आणि नव्या टॉवरवर जागा धरूनच जुना सोडायला लावते. म्हणून बोटीत दाभोळची बाजू सुटून पलीकडची कधी लागली, ते कानाला कळतही नाही. घरच्या वायफायच्या डोक्यावर असा कारभारी नाही. सोडायचं की धरायचं, हे फोनने एकट्याने ठरवायचं. त्यात डाटा मोजून मिळतो, वायफाय मोकळं, ही समजूत बनवणाऱ्यांनी त्याच्यात आधीच भरलेली. मग तो सोडतो कशाला?

सोडलं तरी पत्त्याची भानगड उरतेच. वायफायवर फोनचा इंटरनेटचा पत्ता एक, डाटावर दुसरा. चालू जोडणी बहुधा जुन्या पत्त्याला बांधलेली असते, ती मोडून नव्याने जुळवावी लागते. इलाज निघालेत. ॲपलने २०१३ मध्ये सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी वापरलं, म्हणजे एकच जोडणी दोन्ही वाटांनी. २०२१ मध्ये प्रमाण ठरलेल्या 'क्विक'मध्ये जोडणीला स्वतःची ओळख असते, पत्ता बदलला तरी ती टिकू शकते. पण ॲपवाल्याने ते घेतलं तर.

पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. फांदी पडून लाईट जाते, राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण पुढची लाईन मेलेली. काड्या भरलेल्या, नेट शून्य. त्या काड्या फोनपासून राउटरपर्यंतच्याच असतात, हे घरोघरी सांगून थकलो. नवे फोन उद्गारचिन्ह दाखवतात, तेही सावकाश.

साध्या कॉलचं मात्र बरं आहे. डिसेंबर २०१९ पासून आपल्याकडे मोबाइल कंपन्या वायफायवरूनही साधा कॉल देऊ लागल्या. त्यात कॉल कंपनीच्याच यंत्रणेतून जातो, आणि वाट बदलली तरी ती यंत्रणा फोनचा पत्ता तोच ठेवू शकते. मी मुद्दाम बोलत बोलत फाटक ओलांडून पाहिलं. आवाज क्षणभर घसरला, कॉल तुटला नाही.

पण नातीला बोट बघायची असते, त्यामुळे व्हिडिओ हवाच. तेव्हा चपला घालण्याआधी वायफाय बंद करायचं आणि डाटावरच कॉल लावायचा, ही आता घरातली रीत. बायकोला ती मान्य नाही. मी वायफाय बंद केलं की आतून विचारते, "अहो, मग महिन्याला पैसे कसले भरता?"