जुन्नर : एक गाव, चार डोंगर आणि आपला वारसा

मुलांना सुट्टी लागली की कुठे जावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. अंधेरीची महाकाली लेणी आणि बोरिवलीची कान्हेरी लेणी आपल्या उपनगरांतच आहेत. बहुतेक उपासक-उपासिकांनी ती पाहिलीही असतील. त्याच वारशाचा धागा धरून दोन-तीन दिवसांची सहल करायची असेल, तर जुन्नरला मुक्काम करावा.

मुलुंड-घाटकोपरहून लोकलने कल्याण गाठावे. तेथून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर या मार्गाने एस.टी.चा प्रवास. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून हिवाळ्याचे दिवस बरे. कुकडी नदीकाठी, शिवनेरी किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे लहानसे गाव एकेकाळी निजामशाहीची पहिली राजधानी होते. त्याआधीही दीड हजार वर्षे सातवाहनांच्या काळी ही मोठी बाजारपेठ होती. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून येथे येई आणि पुढे पैठणकडे जाई. व्यापाऱ्यांच्या या वाटेवरच भिक्खूंचे वर्षावास होत. म्हणूनच जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली.

पहिला दिवस शिवनेरीसाठी ठेवावा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय येथे जन्मले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत शिवनेरीही आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा लिहिला, त्या परंपरेचे आपण वारसदार आहोत. तेव्हा जन्मस्थळी आदराने नतमस्तक व्हावे. पण तेवढ्यावर परत फिरू नये. याच किल्ल्याच्या कड्यांत बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात चिट नावाच्या यवनाने भिक्खुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. परदेशातून आलेला माणूसही धम्मात सामावला जात होता, त्याची जात कोणी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. वानरांपासून खाऊच्या पिशव्या सांभाळाव्यात. सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे सुंदर चैत्यगृह. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने ते दान दिले, असे त्यावर कोरलेले आहे. कल्याणहून आपण आलो, तसाच हा दाताही कल्याणचाच! शेजारचे सातवे लेणे म्हणजे एकही खांब नसलेला प्रशस्त विहार. भिक्खूंच्या वीस खोल्या त्याला आहेत. आज ते अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून ओळखले जाते. तेथे कोणाशी वाद घालू नये, ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. मात्र ही वास्तू मुळात कोणी, कशासाठी कोरली, हे आपल्या मुलांना स्पष्ट सांगावे. तेवढे सांगणे हे आपले कर्तव्यच आहे.

दुपारी तुळजा लेणी पाहावीत. येथे बारा अष्टकोनी खांबांच्या वर्तुळात स्तूप असलेले गोल चैत्यगृह आहे, असा आराखडा क्वचितच आढळतो. मानमोडी डोंगरावर भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत. ही नावे पाहा! तुळजा काय, अंबिका काय, सारी मागाहून पडलेली. मूळ ओळख मात्र शिलालेखांत शिल्लक आहे.

जुन्नरच्या या लेखांत राजे-महाराजे थोडे आणि कष्टकरी, व्यापारी पुष्कळ. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख येतो. पुढे ज्या बुरुडाला जातिव्यवस्थेने हीन ठरवले, त्याच्या पूर्वसुरींकडे संघाचा पैसा विश्वासाने ठेवला जात होता. आपल्या मुलांना यापेक्षा मोठा धडा कोणता द्यावा?

तिसरा दिवस हाताशी असेल तर नाणेघाट पाहावा. तेथे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण आहे.

काही सूचना. सोबत पाणी, भाकरी आणि बॅटरी ठेवावी. लेण्यांत आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर वा गोंगाट करू नये. ही लेणी कायद्याने संरक्षित आहेत. त्यावर शेंदूर फासणे जितके गैर, तितकेच आपल्या तरुणांनी भिंतीवर नावे वा घोषणा रंगवणेही गैर. दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे त्याखाली कायमची झाकली जातील.

स्तूपासमोर शांतपणे त्रिसरण-पंचशील घ्यावे. मुलांच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येक लेण्यातील दात्याचे नाव, गाव, व्यवसाय लिहून घ्यायला सांगावे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला कोणत्या घरी परत आणले, ते त्या वहीतील नावांवरून मुलांना आपोआप कळेल.