विकायला काढले, पण घेणारा नव्हता

जुलै २०२१ मध्ये माझी एक मुदत ठेव पूर्ण झाली. साठ हजार हातात आले. व्याज इतकं खाली गेलं होतं की ते पैसे पुन्हा तसेच बँकेत ठेवायचं जिवावर आलं. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तेव्हा आमच्याकडे डबा खाताना शेअरशिवाय दुसरा विषय नसायचा. धाकट्या दिराने फोनवरच डीमॅट खातं उघडून दिलं. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, कॅमेऱ्यासमोर चेहरा, झालं. वारसाचं नाव 'नंतर भरू' म्हणून सोडलं. ते पुढे दीड वर्ष तसंच राहिलं.

पहिली खरेदी एका नावाजलेल्या कंपनीचे २० शेअर, ६१२ रुपयांनी. संध्याकाळी ह्यांना दाखवायला ॲप उघडलं तर शेअर नव्हतेच. ५९६ ला विकले गेले होते. मला वाटलं, खात्यात कोणीतरी शिरलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ब्रोकरच्या हेल्पलाइनवरून कळलं की ऑर्डर टाकताना 'इंट्राडे' निवडलेलं होतं. म्हणजे आज घ्यायचं ते आजच विकायचं. आपण नाही विकलं तर बाजार साडेतीनला बंद होण्याआधी ब्रोकर स्वतःच विकून टाकतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. शेअर आपल्याकडे राहायला हवे असतील तर 'डिलिव्हरी' निवडायची. काही ॲपमध्ये तिथे 'सीएनसी' असं लिहिलेलं असतं. माझे ३२० रुपये गेले, वर ब्रोकरचा आकार. रक्कम छोटी होती, पण घरात कोणाला सांगितली नाही.

दुसरी चूक महिन्याभराने झाली. एका लहान कंपनीचा भाव ८४ दिसत होता. २०० शेअर घेतले, सरासरी पडली ८८ रुपये ६० पैसे. मी 'मार्केट' ऑर्डर टाकली होती. मार्केट ऑर्डर म्हणजे समोर विकणारे जो भाव मागतील तो मान्य. ८४ ला विकायला फक्त ३० शेअर होते. पुढचे ८६ ला, त्यापुढचे ८९, ९० ला. ही सगळी रांग ॲपमध्ये दिसते, फक्त ती उघडून बघायची असते. 'लिमिट' ऑर्डर टाकली असती तर मी लिहिलेल्या भावाच्या वर एक पैसाही गेला नसता. तेव्हापासून मी मार्केट ऑर्डर टाकलेली नाही.

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे अजूनही कपाटात कागदी शेअर सर्टिफिकेटं आहेत. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा झाला आणि त्यानंतर डीमॅट आलं. त्याआधी सही जुळली नाही म्हणून विकलेले शेअर परत कसे यायचे, ते काका सांगतात. एकदा मी त्यांना विचारलं, ''काका, बातम्यांत बाजार वर म्हणतात आणि माझे शेअर खाली, असं कसं?'' ते म्हणाले, ''अगं, सेन्सेक्स म्हणजे ३० कंपन्या. निफ्टी म्हणजे ५०. तुझी त्यात आहे का?'' नव्हती. वर्षभर मी रोज रात्री सेन्सेक्स बघून खूश किंवा उदास होत होते, हे तेव्हा लक्षात आलं.

२०२२ मध्ये एका सकाळी माझ्या एका शेअरचा भाव थेट निम्मा दिसला. हात थरथरायला लागले. लगेच विकायला गेले तर ॲपने टीपिन मागितला, म्हणजे विक्रीला मान्यता देणारा गुप्त क्रमांक. तो मी कधी पाहिलाच नव्हता. नवीन मागवून ईमेल शोधेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात काकांना विचारलं. त्यांनी कंपनीची सूचना बघायला सांगितली. एकास एक बोनस होता. शेअर दुप्पट होणार म्हणून भाव अर्धा झाला होता, आणि बोनसचे शेअर खात्यात यायला तेव्हा आठ-दहा दिवस लागले. टीपिन हाताशी असता तर मी घाबरून सगळं विकून मोकळी झाले असते.

सगळ्यात मोठा फटका २०२३ च्या सुरुवातीला बसला.

लॅबमधल्या एकाने मला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे एका छोट्या कंपनीचं नाव रोज यायचं. शेअर रोज पाच टक्के वर जाऊन थांबत होता. याला 'अपर सर्किट' म्हणतात. एका दिवसात भाव किती वर किंवा खाली जाऊ शकतो याची मर्यादा एक्स्चेंज ठरवतं. बहुतेक शेअरसाठी ती २, ५, १० किंवा २० टक्के असते. रोज वर जातोय यात मला धोका दिसला नाही. उलट घेता येत नाही म्हणून जीव तळमळत होता. एक दिवस सहज मिळाले. ४१ रुपये ५० पैशांनी १,००० शेअर. आज कळतं, मला इतके सहज मिळाले कारण त्या दिवशी कोणीतरी मोठ्या प्रमाणात विकत होतं.

दुसऱ्या दिवसापासून 'लोअर सर्किट' सुरू झालं. रोज पाच टक्के खाली. लॅबमध्ये सकाळची नमुन्यांची गर्दी संपली की साडेअकराला मी विक्रीची ऑर्डर टाकायचे. विकणारे लाखो शेअर, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. साडेतीनला ऑर्डर रद्द. मला हे माहीतच नव्हतं की शेअर विकायला कोणीतरी घेणारा लागतो. मुदत ठेव मोडली की बँक पैसे देते, तसंच इथेही असेल असं मी धरून चालले होते. चार दिवस जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं ते पाचव्या दिवशी.

सातव्या दिवशी काकांकडे गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ''ऑर्डर किती वाजता टाकतेस?'' एकाच भावाला अनेक विक्रेते असतील तर ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. मग आदल्या रात्रीच ऑर्डर टाकून ठेवायला लागले. ॲपमध्ये तिला 'एएमओ' म्हणतात. दहाव्या दिवशी सगळे शेअर गेले, २४ रुपये ८० पैशांनी. १६,७०० रुपयांचा तोटा. शेअर विकले गेल्याचं वाचून मला हलकं वाटलं, हे खरं सांगते.

तोवर ग्रुप बंद झाला होता. शेअरचा सल्ला देणाऱ्याची, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी असावी लागते आणि ती यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. ग्रुप चालवणाऱ्याचं नाव तिथे नव्हतं. बघायला मला दोन मिनिटं लागली. आधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर सहा महिने मी काही घेतलं नाही. एक वही केली. जो शब्द अडला तो काकांना विचारून तिथे लिहायचा. दर्शनी किंमत, बाजारमूल्य, पीई, एक्स-डेट. बारा रुपयांचा शेअर स्वस्त आणि अडीच हजारांचा महाग, हा माझा समज त्या वहीतच मोडला. जून २०२३ मध्ये एमआरएफचा एक शेअर लाख रुपयांवर गेला, तेव्हा काकांनी भाव गुणिले एकूण शेअर असं गणित करून दाखवलं. विक्रीनंतर येणारी कॉन्ट्रॅक्ट नोटही वाचायला लागले. त्यात आणि खात्याच्या हिशोबात कळलं की विकताना डीपी चार्ज प्रत्येक कंपनीमागे दिवसाला एकदा लागतो, एक शेअर विका नाहीतर शंभर. मी एकदा ४० शेअर चार दिवस दहा-दहा करून विकले होते. चारदा पैसे गेले होते.

वारसाचं नाव आता भरलं आहे. ऑप्शनच्या वाटेला मी गेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर सामान्य लोकांपैकी ९३ जण तोट्यात होते. तो आकडा मी लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका नव्या मुलीने खातं उघडलं आणि विचारलं, ''ताई, कोणता घेऊ?'' कोणता ते मी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसले. तिनेच निवडलेल्या कंपनीचा एकच शेअर, डिलिव्हरी, लिमिट. आता सौदा दुसऱ्या दिवशीच पूर्ण होतो. दुसऱ्या संध्याकाळी निघताना तिने फोन माझ्यापुढे धरला. होल्डिंगमध्ये तो एक शेअर दिसत होता.