सिंगापुरातली गारेगार दुपार

सिंगापूरला मैत्रिणीकडे आठ दिवस राहिले. यजमान गेल्यापासून ती बाहेर जेवलीच नव्हती. "एकटीनं टेबलाशी कसं गं बसायचं?" म्हणायची. मीच तिला ओढून चायनाटाऊनच्या मॅक्सवेल फूड सेंटरला नेलं.

एका छपराखाली कितीतरी गाळे! इथल्या या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोनं २०२० साली वारसा म्हणून मान दिला, तो उगाच नाही. शाकाहारी मैत्रिणींनी मात्र आधी विचारून घ्यावं. साध्या पालेभाजीतही कोळंबीची चटणी असते. जागा धरायला टेबलावर कागदी रुमालांची पुडी ठेवायची, ही इथली रीत. ती कुणी उचलत नाही हो!

तांदळाच्या शेवया कशाबशा संपवल्या, कारण जीव गोडात अडकलेला. चेंडोल म्हणजे नारळाचं दूध, माडाचा गूळ, केवड्याच्या जातीच्या पांदान पानांनी हिरव्या केलेल्या मऊ शेवया नि बर्फ. आईस काचांगमध्ये तर बर्फाच्या रंगीत डोंगराखाली चक्क लाल कडधान्य आणि मक्याचे दाणे! मी नाक मुरडलं. मैत्रीण म्हणाली, "पुरणात डाळ चालते ना तुला?" वर्षभरात प्रथमच ती अशी खट्याळ बोलली.

निघताना तिनं ती पुडी पर्समध्ये टाकली. "असू दे, तू गेल्यावर एकटी आले तर जागा धरायला लागेल."