खांब, साखळी आणि पावणेसोळा तास

यंदा उन्हाळ्यात दुकानादुकानांत ते जाळीजाळीचे क्रोशाचे टॉप लटकलेले दिसत होते. बिनबाह्यांचे, सुती, आरपार वारा जाईल असे. किंमत ८९९ रुपये. एक हातात घेऊन मी उलटासुलटा करून पाहिला आणि डोक्यात किडा वळवळला, की हे मशीनवर कसं करत असतील? (प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड आमच्या जमातीला असतेच.)

तर, मशीनवर करतच नाहीत!

दोन सुयांच्या विणकामात सगळ्या ओळीचे टाके एकदम सुईवर असतात, आणि ते यंत्राला जमतं. आपले टीशर्ट, मोजे असेच तर निघतात. क्रोशात आकडीवर एका वेळी जेमतेम एक टाका शिल्लक असतो, आणि पुढचा कुठे घुसवायचा ते भोक दर वेळी हातानं शोधावं लागतं. प्रयोगशाळांत काही यंत्रं तयार झाली आहेत, पण दुकानांना टॉप पुरवतील अशी अजून नाहीत. ‘क्रोशे मशीन’ नावाची यंत्रं कारखान्यांत असतात खरी, पण त्यांची वीण निराळी. म्हणजे त्या ८९९ रुपयांच्या टॉपचा टाका न् टाका कुणीतरी बसून घातलेला होता.

मग म्हटलं आपणच करून बघू. क्रोशाची सुई मी जन्मात हातात धरली नव्हती, पण घरात आजी आहे. आजीकडे पुस्तक नाही, पॅटर्न नाही, शब्द मात्र पक्के: साखळी, मुका खांब, खांब. व्हिडिओ बघायला बसले तर वेगळाच घोळ. अमेरिकन बाई ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणते त्याला इंग्लंडातली बाई ‘ट्रेबल’ म्हणते, आणि इंग्लंडातल्या बाईचा ‘डबल’ म्हणजे अमेरिकन ‘सिंगल’. एकच नाव, दोन वेगळे टाके, आणि कुठला देश ते कुणी सांगत नाही. आमच्या कामात असं झालं तर रात्री दोनला फोन येतो. आजीचा खांब मात्र खांबच. सुईवर एक वेढा घ्यायचा, टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा, सुईवर तीन झाले की दोन सोडवायचे, पुन्हा दोन सोडवायचे. झाला खांब उभा.

टॉपचं डिझाइन म्हणाल तर दोन चौकोन. पुढचा एक, मागचा एक. आकार घ्यायचा नाही, बाही नाही, नवशिक्याला याहून सोपं काही नसावं. आधी मी १५ सेंटिमीटरचा तुकडा विणला आणि आजीनं तो धुऊन वाळवायला लावला, कारण सूत धुतल्यावर आटतं. वाळल्यावर मधल्या १० सेंटिमीटरमध्ये मोजलं तर १८ खांब आणि ९ ओळी. मला ५० सेंटिमीटर रुंदी हवी होती, म्हणजे ९० खांब. ५० सेंटिमीटर लांबी, म्हणजे ४५ ओळी. सुरुवातीला ९२ साखळ्या घालायच्या आणि चौथ्या साखळीपासून खांब सुरू करायचे, कारण सोडलेल्या तीन साखळ्या मिळून पहिला खांब धरतात. अडीच मिलिमीटरच्या सुईनं वीण घट्ट येते आणि उन्हाळ्यात अंगाला टोचते, म्हणून साडेतीनची घेतली. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. टॉप हँगरवर टांगला तर स्वतःच्याच वजनानं लांबत जातो, तेव्हा घडी घालूनच ठेवायचा.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसायचं आणि विणायचं, असे सहा शनिवार-रविवार गेले. एका खांबाला मला सात सेकंद लागतात. (हो, स्टॉपवॉच लावलं होतं.) ९० खांबांची ओळ साडेदहा मिनिटांत. दोन्ही चौकोनांच्या मिळून ९० ओळी, म्हणजे पावणेसोळा तास. शिवण वेगळी.

दुकानातल्या टॉपची किंमत आजीला सांगितली. तिनं रंग विचारला नाही, कापड विचारलं नाही. म्हणाली, “आणि करणारीला किती देतात गं?”

मी हिशोब मांडला. करणारी माझ्या दुपटीहून जास्त वेगाची धरली, तीन सेकंदाला एक खांब, तरी पावणेसात तास. ८९९ मधून दुकानाचं भाडं, कर, मधले दोघं-तिघं आणि सूत वजा केलं की त्या सात तासांसाठी काय उरत असेल, ते सांगायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

आंध्रात नरसापूरच्या आसपास मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना क्रोशाची लेस शिकवली. तिथला माल परदेशात जातो, आणि २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्या बायकांवर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणून, माल निर्यात होऊनसुद्धा त्यांना कामगार कुणी म्हणतच नाही. त्या घरी बसलेल्या गृहिणी आणि विणणं हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असं धरूनच मजुरी ठरते.

हे आजीला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. १९७४ च्या सुमारास ती एका दुकानासाठी हातरुमालांना क्रोशाची किनार करून द्यायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डझनाला चार रुपये. आईची शाळेची पुस्तकं त्यातून यायची. आणि आमच्या घरात तर आजवर सगळे सांगत आलेत की आजीनं कधी नोकरी केली नाही, ती घरीच असायची! आईला विचारलं तर ती म्हणाली, “अगं, ते होय? ते ती दुपारी सवडीनं करायची.” दुपारी म्हणजे किती वाजता, असं आजीला विचारलं. जेवणं-भांडी झाली की चारचं पाणी येईपर्यंत, आणि पुन्हा रात्री सगळे निजल्यावर.

असो. टॉप झालाय. दोन्ही खांद्यांचे २२-२२ खांब जोडले आणि मधले ४६ गळ्यासाठी मोकळे सोडले. कडेला खालून ३० सेंटिमीटर शिवलं, वरचे २० हातासाठी ठेवले. फिका पिवळा रंग आहे, आणि पुण्याच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजताही अंगाला चिकटत नाही. गळ्याभोवती मुक्या खांबांची ओळ आजीनं घालून दिली. तिच्यावरही स्टॉपवॉच लावलं. अडीच सेकंदाला एक, तेही टीव्हीकडे बघत.