पडवी

आमच्या न्यू जर्सीच्या घरामागे एक लाकडी डेक आहे. इथल्या उपनगरात राहणाऱ्यांना डेक म्हणजे काय ते सांगायला नको, पण रत्नागिरीकडच्या मंडळींसाठी सांगतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की लागणारा फळ्यांचा ओटा. आमचं अंगण उताराचं, त्यामुळे हा ओटा जमिनीपासून चांगला आठ फूट उंच, खांबांवर उभा. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "पडवी बरी आहे रे, पण वर कौलं घालायला विसरले वाटतं." तेव्हापासून आमच्या घरात ती पडवीच.

2023 च्या जूनमध्ये आई-अण्णा परत यायचे होते. अण्णांचा सकाळचा चहा तिथेच. आणि मे महिन्यात मी नीट पाहिलं तर पडवी हिरवी-काळी झालेली, दोन फळ्यांवर बुरशी, पायाखाली निसरडं. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

बायको म्हणाली, "अरे, कोणाला तरी बोलाव." मी म्हटलं, लाकूड धुवायला माणूस कशाला? दुकानातून पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याचं मशीन एक दिवस भाड्याने आणलं. पहिली दहा मिनिटं काय मजा आली म्हणून सांगू! काळी फळी बघता बघता पिवळीधमक. मग मी जोर वाढवला, तोंड फळीच्या अगदी जवळ नेलं... आणि संध्याकाळी फळ्या वाळल्यावर बघतो तर सगळीकडे कुसळं उभी राहिलेली. पाईनचं लाकूड मऊ. पाण्याच्या जोराने मधला मऊ भाग उडून गेला होता आणि कडक रेषा तेवढ्या वर आल्या होत्या. अनवाणी चालायची सोय उरली नाही. बायको काही बोलली नाही. (ते जास्त लागतं.)

मग माणसं शोधायला लागलो. पहिला आला, खालून एक नजर टाकली आणि म्हणाला, सहाशे डॉलर, एका दिवसात धुऊन रंगवून देतो. दुसऱ्याने सगळं उपटून प्लॅस्टिकमिश्रित फळ्या टाका म्हणून सांगितलं. आकडा ऐकून मी त्याला नमस्कार केला. तिसरे, शेजारच्या आजींनी सुचवलेले, याच गावात तीस वर्षं सुतारकाम करणारे एक गृहस्थ. साठीचे असतील. त्यांनी वर फळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात एक जाड सुई घेऊन सरळ खाली गेले.

डेक घराला जिथे टेकतो तिथे भिंतीला लागून एक आडवी जाड फळी असते. तिला लेजर म्हणतात. डेकचा घराकडचा सगळा भार हिच्यावर. त्यांनी सुई तिच्यात टोचली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मला जवळ बोलावून दाखवलं. फळीवर पत्र्याची पट्टी बसवलेलीच नव्हती, त्यामुळे पावसाचं आणि बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं भिंत आणि फळी यांच्यामध्ये मुरत राहिलं. शिवाय आधीच्या मालकाने ती बोल्टने न आवळता नुसती खिळ्यांनी ठोकली होती. खिळा खालच्या दिशेचा भार पेलतो, पण डेक घरापासून सुटायला लागला की तो सरळ बाहेर निघून येतो. माणसं भरली की हे एका क्षणात होतं. शिकागोत 2003 साली एका इमारतीच्या मागच्या लाकडी गॅलऱ्या पार्टी चालू असताना कोसळल्या आणि तेरा जण गेले, ते मला तेव्हा आठवलं. आणि मी इथे दोनच वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला तीस माणसं उभी केली होती.

त्यांचा आकडा दोन हजार आठशे. लेखी करार दिला, त्यावर राज्याचा नोंदणी क्रमांक. पाचशे डॉलरच्या वरच्या कामाला न्यू जर्सीत लेखी करार लागतो आणि तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करता येतो, हे त्यांनीच मला सांगितलं. सहाशेवाल्याने यातलं काही काढलंही नव्हतं.

काम आठवडाभर चाललं. आधी डेकला खालून टेकू, मग लेजर नवी, बोल्ट, वर पत्रा. जुनं लाकूड 1998 चं. त्या काळच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिक असलेलं रसायन मुरवत. घरगुती वापरासाठी ते 2003 अखेर बंद झालं. म्हणून कुसळं घासताना तोंडाला मास्क, खाली ताडपत्री आणि "यातला तुकडासुद्धा शेकोटीत टाकू नका" अशी तंबी. धुणं मात्र साध्या नळीने, ऑक्सिजनवाली पावडर आणि मऊ ब्रश. मग तीन दिवस नुसतं वाळवणं. चौथ्या दिवशी त्यांनी फळीवर पाण्याचे चार थेंब टाकले. ते लगेच आत शोषले गेले तेव्हाच तेलाच्या स्टेनचा डबा उघडला. रंग का नको? तर रंगाचा थर वर बसतो, खाली पाणी शिरलं की पापुद्रे निघतात. स्टेन आत मुरतो. संध्याकाळी तेलाच्या चिंध्या त्यांनी एकेक करून दगडांवर पसरून ठेवल्या. बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात म्हणे.

अण्णा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पडवीत बसले आणि मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या पराक्रमासकट. त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "त्यांना चहा दिलास ना रोज?"

मी गप्प. आठ दिवस मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. चेक तेवढा वेळेवर दिला होता.

आमच्या गावच्या घराची कौलं दर वर्षी मे महिन्यात परतायला वाडीतले एक काका यायचे. अण्णा हायस्कूलात मास्तर, पण त्या दिवशी शिडीखाली उभे राहून फुटकी कौलं उतरवून घ्यायचे आणि मला नवी द्यायला लावायचे. दुपारी काका आमच्याच पंगतीला. कुठला वासा पोकळ झालाय, हे काका जेवताना सांगायचे आणि अण्णा पावसाच्या आधी तो बदलायचे. ते घर अजून उभं आहे. मला वाटायचं ते चिऱ्यांमुळे.

असो. वर्षभराने सुतारकाका (आता आमच्याकडे हेच नाव) बोल्ट तपासायला आले, ठरल्याप्रमाणे. मी मीटिंग पुढे ढकलली, आल्याचा चहा केला आणि त्यांच्याबरोबर खाली गेलो. त्यांनी सुई माझ्या हातात दिली. टोचून बघितलं. आत गेली नाही.