दोन हजारांच्या खोलीचा कागद

आमच्या सावलीत खोली भाड्याने नाही, किरायाने घेतात. पण गावात राहून किरायाची खोली फारशी कोणाच्या वाट्याला येत नाही. ती येते बारावीनंतर. गाव मूल-गडचिरोली रस्त्यावर. पोरं एक तर गडचिरोलीकडे जातात, नाही तर मूलवरून चंद्रपूरला, आणि मार्क बरे असले तर नागपूरला. सरकारी वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही तर तिघांत एक खोली.

मी नागपुरात इंजिनियरिंगची चार वर्षं अशाच गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत काढली. किराया नगदी, पावती नाही. एका मे महिन्यात कूलरच्या बिलावरून वाद झाला आणि घरमालकांनी खाली मीटरचा खटका पाडला. दोन रात्री आम्ही गच्चीवर झोपलो, तिसऱ्या दिवशी सामान उचललं. घर त्यांचं, वीज त्यांची, असंच सगळे म्हणाले.

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन थेट फ्लॅटवर आला. अर्ध्या तासात काम झालं आणि पुढे नोंदणीकृत करार ईमेलवर आला. राज्य तेच, कायदाही तोच. मग नागपुरात कागद का नव्हता? कारण पुण्यात तो माझ्याशिवाय इतरांना हवा होता. कंपनीला एचआरएसाठी, सोसायटीला पोलीस व्हेरिफिकेशनसाठी. टिनाच्या खोलीचा कागद आमच्याशिवाय कोणालाच नको होता.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. त्याचं कलम 55 प्रत्येक किरायेदाराने एकदा वाचावं असं आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि नियम मोडणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते केंद्राच्या 1908च्या नोंदणी कायद्यावरून आलंय. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो. याच 1999च्या कायद्यानुसार किरायाची पावती देणं बंधनकारक आहे आणि भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडणं हा गुन्हा आहे.

एवढं सगळं असूनही यंदा माझ्या मामाची मुलगी कागदासाठी अडली. ती चंद्रपुरात नर्सिंगला आहे, वसतिगृहात नंबर लागला नाही. अशा अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, राहण्या-खाण्याचे पैसे थेट खात्यात येतात. पण आपण किरायाने राहतो याचा पुरावा लागतो: भाडेचिठ्ठी किंवा करारनामा. आडनाव ऐकून दोन घरांनी नकार दिल्यावर मिळालेली ही खोली, त्यामुळे पोरगी जोर लावायला घाबरत होती. शेवटी मी घरमालकीण काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “भाऊ, लिहून देल्लं का खोली हातची गेली.”

ही भीती हवेतून आलेली नाही. विदर्भात 1949चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश होता. त्यात किरायेदाराला खोली सोडण्याची नोटीस द्यायलाही आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. कज्जे वर्षानुवर्षं चालायचे. काकूंच्या डोक्यात तोच काळ आहे. पण आजचा लिव्ह अँड लायसन्स करार नेमका उलटा आहे. त्यात राहणारा भाडेकरूच नसतो, परवानाधारक असतो. मुदत संपली की खोली सोडायची, नाही तर दुप्पट शुल्क भरायचं. म्हणजे कागदाने खोली जात नाही, उलट परत मिळण्याची हमी मिळते. हे सांगितल्यावर काकूंनी वहीच्या पानावर भाडेचिठ्ठी लिहून दिली. करार मात्र नाहीच.

त्यांचं दुसरं कारण मला पटलं. नोंदणी फी शहरात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटलाही हजार आणि चंद्रपुरातल्या दोन हजारांच्या खोलीलाही हजार. वर एजंटचे पैसे वेगळे. शिवाय ऑनलाइन नोंदणीत दोघांचेही अंगठे लागतात. मी दिवसभर असेच फॉर्म बनवतो, म्हणून हे खुपतं. कायदा म्हणतो जबाबदारी घरमालकाची, आणि यंत्रणा त्याच्या अंगठ्याशिवाय किरायेदाराला पुढे सरकूच देत नाही.

उपाय अवघड नाहीत. छोट्या किरायाच्या खोल्यांची नोंदणी फी माफ करावी. घरमालक येत नसेल तर किरायेदाराला आपली बाजू एकट्याने ऑनलाइन नोंदवता यावी. त्याचं म्हणणं आधी खरं धरायचं, हे कायद्यातच आहे. 2021मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त घ्यायचं नाही, असं आहे. पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आणि 1999चा कायदाही सगळीकडे नाही. त्याला जोडलेल्या अनुसूचींमधल्या गावा-शहरांनाच तो लागू आहे. यादीबाहेरच्या गावात महिन्याच्या किरायाने राहणाऱ्याला 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस, एवढाच आधार.

हे बदलेपर्यंत आपल्या हातात फोन आहे. किराया यूपीआयने द्या आणि नोटमध्ये ‘जून, खोली किराया’ लिहा. नगदीच मागत असतील तर दिल्यावर लगेच व्हॉट्सॲपवर ‘काकू, जूनचे दोन हजार दिले’ असा मेसेज टाका. त्यांनी नुसता अंगठा दाखवला तरी चालेल. तो अंगठा नोंदणीचा नाही, पण किराया पोहोचल्याचा पुरावा म्हणून दाखवायला काहीतरी राहील.